सहा सॉफ्टवेअरचा कॅड क्लास: पाचपैकी तीन तारे

कराडहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पुण्यात आले, तेव्हा मामा म्हणाला, "आधी कॅडचा क्लास लाव, मग नोकरी शोध." लावला. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर पार्टची ड्रॉइंग आणि मॉडेल काढणं. क्लासचं नाव लिहीत नाही, कारण असे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि पॅकेजही साधारण हेच असतं. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, एनएक्स, अ‍ॅन्सिस. सहा महिने, ४२,००० रुपये. पप्पांनी दोन हप्त्यांत भरले. अ‍ॅन्सिस मुळात ड्रॉइंगचं सॉफ्टवेअरच नाही, पार्टवर ताण किती येतो त्याचं गणित ते करतं. पण पत्रकावर सहाचा आकडा भरायला हवा ना!

पैसे वसूल झाले ते पहिल्या पाच आठवड्यांत. ऑटोकॅड शिकवायला एक निवृत्त ड्राफ्ट्समन होते, हयात ड्रॉइंग बोर्डावर गेलेली. पहिला आठवडाभर माउसला हात लावू दिला नाही. पेन्सिल, कागद आणि तीन व्ह्यू: वस्तू समोरून, वरून, बाजूने. ते कागदावर मांडायच्या पद्धती दोन. "आपल्याकडे फर्स्ट अँगल, टॉप व्ह्यू खाली येतो. अमेरिकन ग्राहकाचं ड्रॉइंग आलं की थर्ड, टॉप व्ह्यू वर. आधी टायटल ब्लॉकमधला, म्हणजे कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीतला, कापलेला शंकू बघायचा, पद्धत कुठली ते तो सांगतो, मग बाकीचं." मॉडेल नेहमी एकास एक काढायचं, स्केल लेआउटमध्ये, म्हणजे प्रिंटच्या पानावर, द्यायची, हेही त्यांनीच घोटून घेतलं. मेनूत कमांड शोधताना कुणी दिसलं की मागून आवाज यायचा, "टीआर! बोटाला माहीत पाहिजे." टीआर म्हणजे ट्रिम, जादा रेघ कापायची कमांड.

सॉलिडवर्क्स बरं झालं. फक्त शीट मेटल एका दुपारी गुंडाळलं. पत्रा वाकवल्यावर त्याची सपाट लांबी किती धरायची, त्या हिशोबाला लागणारा के-फॅक्टर नावाचा आकडा कुठून घ्यायचा, काही नाही. आज माझं निम्मं काम तेच आहे. पुढे कॅटिया, क्रिओ, एनएक्समध्ये एकच ब्रॅकेट तीनदा काढला. बटणांच्या जागा बदलल्या, एवढंच. शिकवणारा मुलगा आदल्याच बॅचमधून पास झालेला होता, त्याला काय बोलणार.

भोसरीत फिक्स्चर (काम करताना पार्ट जागेवर पक्का धरणारं साधन) बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये इंटरव्ह्यूला गेले. मालकांनी बायोडेटा उलटा ठेवला. समोर एक लोखंडी प्लेट, मोजायला व्हर्नियर आणि कोरा कागद. मी काढलं, मापंही दिली: कडेपासून पहिलं भोक २५ मिमी, तिथून दुसरं २५, असं चौथ्यापर्यंत. त्यांनी विचारलं, "प्रत्येक मापाला ±०.१ सूट दिली, तर चौथं भोक कडेपासून किती चुकू शकतं?" चारही चुका साठून ०.४. म्हणजे डॉवेल (भोकात नेमकी बसणारी पिन) बसणारच नाही. सगळी मापं एकाच कडेपासून द्यायला हवी होती. सर हे सांगून थकले होते, आणि मी त्या दिवशी बरोब्बर विसरले. नोकरी मिळाली, पण ठरल्यापेक्षा दोन हजार कमी पगारावर.

तर, या क्लासला जायचं का? ऑटोकॅड आणि एक थ्री-डी एवढंच वेगळं घेता येत असेल तर जा. मी विचारलं होतं, आधी "नाही" म्हणाले. नंतर कळलं, शेजारच्या मुलाने हट्ट धरला तर त्याला दिलं. थ्री-डी कुठलं, ते पत्रकावरून ठरवू नका. ज्या कामात जायचंय तिथे फाइल कशात उघडतात, ते विचारा. फिक्स्चर, छोट्या मशिनचं काम असेल तर सॉलिडवर्क्स. चाकणकडे गाड्यांच्या कामात कॅटिया किंवा एनएक्स. सिव्हिल, इंटिरियरवाल्यांनी ऑटोकॅडनंतर इमारतींसाठीचं रेव्हिट बघावं, ते तर या सहांत नव्हतंच. आणि हो, ऑटोकॅडचं वर्षाचं लायसन्स मान्यताप्राप्त कॉलेजच्या विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, शिकत असेपर्यंत दरवर्षी वाढवताही येतं. क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही, कारण तिथे "लॅब चार्जेस" नावाची एक पावती फाडायची असते.

तीन ताऱ्यांतले अडीच सरांचे. अर्धा एसीचा, मे महिन्यात तो खरंच चांगला चालायचा. चौकशीला गेलात तर फी विचारण्याआधी एवढं विचारा, शनिवारची सकाळची बॅच अजून सरच घेतात का.