आकडी आली की घरच्यांना इशारा देणारं मनगटावरचं घड्याळ घ्यावं की गादीखालचा सेन्सर?

मावसबहिणीची मुलगी सतरा वर्षांची. आकडी बहुतेक पहाटे येते, आणि तिला आता स्वतःच्या खोलीत एकटीनं झोपायचंय. ही इच्छा मला रास्त वाटते.

अंग ताठ होऊन हातपाय झडतात तो मोठा झटका दोन्ही यंत्रं ओळखतात. नुसती टक लावून भान हरपलं, तर दोन्हींचा भरवसा नाही.

एम्ब्रेससारखं घड्याळ (अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेची मान्यता २०१८) हालचालीबरोबर घामामुळे बदलणारी त्वचेची विद्युतवाहकता मोजतं. कॉलेजात, बसमध्ये ते सोबत असतं. पण चार्जिंग हवं, फोन जवळ हवा, वर्गणी भरावी लागते. दात घासतानाही कधी खोटा इशारा जातो. चारचौघांत तसं झालं की मुलं पट्टा काढून ठेवतात, मग काय उपयोग?

गादीखालच्या सेन्सरमध्ये अंगावर काहीच नाही. लयीत हिसके बसत राहिले की गजर होतो. वर्गणी सहसा नसते. गादी फार जाड असेल किंवा पलंगावर दुसरं कुणी झोपत असेल, तर मात्र गडबड. वीज गेल्यावर चालतो का, हे आधी विचारा.

गजर झाल्यावर कुणीतरी धावत यायला हवं: तिला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, झटका किती वेळ चालतो ते बघायचं. पाच मिनिटं उलटली तर रुग्णवाहिका.

झटके झोपेतच येत असतील आणि घरचे शेजारच्या खोलीत असतील, तर सेन्सर. दिवसाही येत असतील, बाहेर एकटं फिरायचं असेल, तर घड्याळ. भाचीसाठी मी सेन्सरच सांगितला.