इंजिन उघडून बांधल्यावर टायमिंग: टेस्ट लॅम्प की टायमिंग लाइट?

टायमिंग म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडते ते. पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारा छोटा स्विच) असलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनापुरतं बोलतोय.

टेस्ट लॅम्पची पद्धत बंद इंजिनावर चालते. एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकवर आणायचा, पुलीची खूण ठरलेल्या डिग्रीवर ठेवायची, दिवा कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला (डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) आणि अर्थला, म्हणजे इंजिनाच्या उघड्या धातूला, जोडायचा. इग्निशन चालू करून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवा. पॉइंट उघडताक्षणी दिवा लागतो, तिथेच बोल्ट आवळा. चूक होते ती स्ट्रोक ओळखण्यात. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट एकदाच फिरतो, म्हणून एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटीही खूण तशीच जुळते आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरता हात) नेमका उलट्या बाजूला बसतो. एक नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नका.

टायमिंग लाइट ठिणगी पडताच चमकतो आणि पुलीची खूण दाखवतो, म्हणून त्याला चालू इंजिन लागतं. क्लॅम्प एक नंबरच्या प्लग वायरवर, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद, इंजिन आयडलवर. अचूकता इथे जास्त, शिवाय रेस वाढवली की अ‍ॅडव्हान्स (ठिणगी लवकर पडणं) वाढतो का तेही दिसतं. दिव्याला ते कधीच कळणार नाही.

तरीही नव्याने बांधलेल्या इंजिनासाठी मी दिव्यालाच पहिला मान देतो. नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) घासत असताना स्टार्टर मारत बसणं मला बघवत नाही. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं. मग लाइट लावून बारीक दुरुस्ती करा. पॉइंटचा गॅप मात्र दोन्हींच्या आधी, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं.