ऑटोफॅजी पॅनेल: स्टेनिंग सुरेख, पैसे वाया

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन स्टेनिंगला, म्हणजे स्लाइड रंगवण्याच्या कामाला, अर्धा लॅबच्या काउंटरवरच्या मुलीला.

मी २२ वर्षं हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे टिश्यू तपासणाऱ्या लॅबमध्ये, मायक्रोटोमवर (टिश्यूचे पातळ काप काढायच्या मशीनवर) बसले. लॅबचं नाव लिहीत नाही, कामाबद्दल मात्र लिहिणारच. माझ्या धाकट्या दिरांना अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा. दुधात कुस्करलेली भाकरीही उतरेना, तेव्हा एंडोस्कोपी झाली. बायोप्सीचे चार तुकडे, राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, सगळे मेणाच्या एकाच ब्लॉकमध्ये.

पुतण्याने मोबाइलवर जाहिरात पाहिली आणि मला न विचारता ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचा कचरा मोडून संपवणं) तपासायला ब्लॉक लॅबला देऊन आला. एलसी३बी, बेक्लिन-१ आणि पी६२ ही तीन प्रथिनं बघायची, तिन्हींचे ९,६०० रुपये. माहितीपत्रकावर २०१६चं नोबेल ठळक छापलेलं. ऑटोफॅजीसाठी जपानी शास्त्रज्ञ ओसुमींना मिळालेलं नोबेल खरंच आहे हो, पण ते यीस्टमधल्या कामासाठी, या पॅनेलसाठी नव्हे!

स्लाइड मी मागून घेतल्या. सेक्शनला (टिश्यूच्या कापाला) एक सुरकुती नाही, पार्श्वभूमी स्वच्छ, एलसी३चे तपकिरी ठिपके ऑइल लेन्सखाली सुटे सुटे दिसतात. तुलनेसाठीचा कंट्रोलही जोडलेला. इथे मी हात जोडते.

रिपोर्टची शेवटची ओळ मात्र 'पुअर प्रॉग्नोसिस', म्हणजे पुढे आशा कमी. दिरांनी नेमकी तीच वाचली आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीतली घंटागाडी समजा. एलसी३ गाडीच्या पत्र्याला चिकटलेला असतो, पी६२ कचरा धरून आणतो आणि त्याच्याबरोबर स्वतःही संपतो. गल्लीत गाड्या खूप दिसल्या, तर काम जोरात चाललंय की पुढे डेपोच तुंबलाय? एका स्लाइडवरून ते कळत नाही. पी६२ साचला तरी तोच घोळ, कारण पेशी तो जास्त बनवतही असेल. अन्ननलिकेच्या कॅन्सरवरचे अभ्यास म्हणूनच एकमेकांशी जुळत नाहीत. एवढ्यावर माणसाचं भविष्य छापायचं?

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, घडी घातली, परत दिला. त्यांनी विचारलं ते गाठ किती खोल, लिम्फ नोड किती, वजन किती उतरलं. आधी केमो-रेडिएशन, मग ऑपरेशन. रेडिएशनचे २३ डोस आणि सोबत दर आठवड्याला केमो. या पद्धतीच्या मूळ चाचणीत स्क्वॅमसच्या ४९ टक्के रुग्णांत ऑपरेशनच्या वेळी जिवंत गाठ उरली नव्हती, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर दिरांनी स्वतःहून चहा मागितला.

माझी खरी तक्रार वेगळीच. स्लाइडच्या टोकांवर पेन्सिलने तीन वेगळ्या तारखा आहेत. म्हणजे ब्लॉक तीनदा मशीनवर चढवला आणि तिन्ही वेळा ट्रिम करताना (वरचा थर सपाट करताना) टिश्यू गेला. एकदाच बसून सगळे सेक्शन घ्यायचे, हे आमच्याकडे नव्या मुलालाही पहिल्या आठवड्यात शिकवत. पुढेमागे पीडी-एल१ (इम्युनोथेरपी ठरवण्यासाठीची तपासणी) लागली तर त्याला गाठीच्या निदान १०० जिवंत पेशी हव्यात.

ब्लॉक दोन फेऱ्यांत मिळाला नाही. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीने, "थांबा ताई, मीच बघते," म्हणत आत जाऊन शोधून आणला. मेणात आता दोनच तुकडे दिसतात, तेही कडेला. देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय, उन्हापासून लांब.