नव्या ग्रंथालयासाठी कर: इमारतीपलीकडचा हिशेब

नवे सार्वजनिक ग्रंथालय उभारण्याचा आणि त्यासाठी मालमत्ता करात वाढ करण्याचा प्रस्ताव पुढे आला, की स्थानिक चर्चा बहुधा इमारतीचा खर्च किती आणि करवाढ किती या दोनच प्रश्नांभोवती फिरू लागते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु ग्रंथालयाकडे एक सेवा म्हणून पाहिले, तर तिचा दर्जा ठरवणारा प्रश्न वेगळाच असतो: उद्घाटन झाल्यानंतर दरवर्षी ती चालवायला पैसे कुठून येणार आणि त्यांची तजवीज किती वर्षांसाठी झाली आहे? करातून चालणाऱ्या ग्रंथालयसेवेचे हे परीक्षण मी मुख्यतः याच कसोटीवर करतो आहे. माझे मत आधीच नोंदवतो. ही सेवा कराच्या पैशाला पुरेपूर न्याय देते आणि तिच्यासाठी जादा कर भरायला मी आनंदाने तयार आहे. मात्र केवळ बांधकामाचा निधी मागून पुढच्या खर्चाविषयी मौन पाळणाऱ्या प्रस्तावाची शिफारस मी करणार नाही.

सेवा म्हणून ग्रंथालय जे देते, ते दुसरे कोणी क्वचितच देते. पुस्तकांची देवघेव हा त्यातला सर्वांच्या नजरेस पडणारा भाग. पण शांत अभ्यासिका, बालविभाग, जुन्या वृत्तपत्रांचे आणि स्थानिक दस्तऐवजांचे जतन, घरी इंटरनेट नसलेल्यांसाठी संगणक आणि नेमके काय शोधायचे हे ज्याला अजून नीट मांडता येत नाही अशा वाचकाला योग्य ग्रंथापर्यंत नेणारा प्रशिक्षित ग्रंथपाल, हे सगळे त्याच छपराखाली मिळते. यासाठी दारात कोणाचे उत्पन्न विचारले जात नाही. सार्वजनिक ग्रंथालयाची सेवा तत्त्वतः विनामूल्य असावी, ही भूमिका युनेस्कोच्या 1994च्या ग्रंथालय जाहीरनाम्यात मांडलेली आहे आणि 2022च्या सुधारित आवृत्तीतही ती कायम आहे. वर्गणीवर चालणारी वाचनालये त्यापूर्वी कितीतरी काळ होती आणि त्यांनी मोठे काम केले; परंतु ज्याला वर्गणी परवडत नाही, त्याला त्यांचे दार बंदच राहते. ते उघडण्यासाठी खर्च सगळ्यांनी मिळून उचलावा लागतो. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या पीटरबरो या छोट्या गावाने 1833 मध्ये सार्वजनिक निधीतून सर्वांसाठी खुले ग्रंथालय सुरू केले, ते याच विचाराने.

इमारतीला पैसे आणि पुस्तकांना नाही, ही चूक फार जुनी आहे. ब्रिटनच्या 1850च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने दहा हजारांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांना ग्रंथालयासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे अर्धा पेनी कर बसवण्याची मुभा दिली, तीही करदात्यांच्या दोन तृतीयांश मतांच्या अटीवर. त्या पैशातून वास्तू उभारता येत होती, कर्मचारी नेमता येत होते. पुस्तके मात्र विकत घेता येत नव्हती, कारण ती देणगीदाखल येतील असे गृहीत धरले होते. पाच वर्षांनी, 1855 मध्ये, कायदा बदलून कराची मर्यादा एक पेनी करावी लागली आणि ग्रंथखरेदीलाही परवानगी द्यावी लागली. पुढे ही एका पेनीची मर्यादा 1919पर्यंत टिकली. त्या साऱ्या काळात ग्रंथालयांना वाढत्या गरजा तेवढ्यातच भागवाव्या लागल्या.

या बाबतीत अमेरिकेतील पोलादसम्राट आणि दानशूर अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणग्यांचा इतिहास मला सर्वांत बोलका वाटतो, आणि ग्रंथालयाच्या प्रस्तावावर मत बनवणाऱ्या प्रत्येकाने तो लक्षात घ्यावा असे मनापासून वाटते. कार्नेगी यांच्या पैशातून जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. देणगी इमारतीसाठी असे. जागा गावाने द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के एवढी रक्कम ग्रंथालय चालवण्यासाठी दरवर्षी सार्वजनिक निधीतून खर्च करण्याचे लेखी वचन द्यायचे, अशी अट होती. म्हणजे दहा हजार डॉलरची इमारत घेणाऱ्या गावाने दर वर्षी एक हजार डॉलर देण्याचे कबूल करायचे. इतकी ठळक तजवीज फुकट मिळणाऱ्या इमारतीसाठीही आवश्यक मानली गेली होती, हे इथे महत्त्वाचे आहे. या वार्षिक भारापोटी काही गावांनी देणगीच नाकारली. तो निर्णय मला प्रामाणिक वाटतो. ज्यांनी ती स्वीकारली, त्यांच्यापैकी सर्वांना वचन झेपले नाही, आणि अनेक ठिकाणी दहा टक्के ही किमान रक्कम असताना तीच कमाल मर्यादा समजली गेली. कार्नेगी कॉर्पोरेशन या त्यांनीच स्थापन केलेल्या संस्थेने या साऱ्या कामाची पाहणी अर्थतज्ज्ञ अॅल्विन जॉन्सन यांच्याकडून करून घेतली. आता उणीव इमारतींपेक्षा प्रशिक्षित ग्रंथपालांची आणि चांगल्या सेवेची आहे, असा त्यांच्या अहवालाचा रोख होता. त्यानंतर 1917 मध्ये नव्या इमारतींसाठी देणग्या देणे थांबले.

जवळपास शंभर वर्षांनंतरही हाच धडा पुन्हा गिरवावा लागला. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या जॅक्सन परगण्यात मतदारांनी 2000 मध्ये सुमारे 3 कोटी 90 लाख डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले आणि त्यातून परगण्यातील ग्रंथालयांच्या 15 शाखा नव्याने बांधल्या किंवा सुधारल्या गेल्या. चालू खर्च मात्र बऱ्याच अंशी केंद्र सरकारकडून वनउत्पन्नाच्या बदल्यात मिळणाऱ्या निधीवर अवलंबून होता. तो निधी आटला, पर्यायी कराला मतदारांनी नकार दिला आणि एप्रिल 2007 मध्ये पंधराच्या पंधरा शाखा एकदम बंद झाल्या. इमारती नव्या होत्या, कर्जाचे हप्ते चालू होते, दारांना कुलपे होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्या कमी वेळेसाठी पुन्हा उघडल्या. पण स्थिर व्यवस्था लागायला 2014 उजाडले, जेव्हा मतदारांनी ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर-जिल्हा, म्हणजे केवळ ग्रंथालयांसाठी कर आकारणारी वेगळी स्थानिक यंत्रणा, मंजूर केला. त्याच्या कराची कमाल मर्यादा करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे 60 सेंट होती. दोन लाख डॉलर मूल्याच्या घराला ती वर्षाला जास्तीत जास्त 120 डॉलर, म्हणजे महिन्याला दहा डॉलर पडते. करवाढीचा आकडा असा घरामागे मांडला, तरच नागरिकाला त्याची तुलना मिळणाऱ्या सेवेशी करता येते. एकूण कोटींचा आकडा समर्थकाला अभिमानाचा आणि विरोधकाला भीतीचा वाटतो, निर्णयाला मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही.

कराला विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. मालमत्ता कर घराच्या मूल्यावर ठरतो, घरातल्या माणसाच्या मिळकतीवर नाही. निवृत्तीनंतर मर्यादित उत्पन्नात जुन्या घरात राहणाऱ्या व्यक्तीला मूल्यांकन वाढले म्हणून जास्त कर द्यावा लागतो, आणि ग्रंथालय कितीही चांगले असले तरी हा भार खराच असतो. अशा लोकांना स्वार्थी ठरवून चर्चा पुढे नेणे अन्यायाचे आहे. कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना सवलत आणि कराच्या दरावर निश्चित कमाल मर्यादा यांची तरतूद मूळ प्रस्तावातच असायला हवी. नंतर बघू, हे उत्तर पुरेसे नाही.

सगळे काही इंटरनेटवर मिळते, हा दुसरा आक्षेप मात्र तपासून पाहिल्यावर टिकत नाही. अनेक मोठे प्रकाशक ग्रंथालयांना ई-पुस्तक कायमचे विकत नाहीत, ठरावीक मुदतीचा परवाना देतात. अनेकदा ही मुदत दोन वर्षांची असते आणि ती संपली की त्याच पुस्तकासाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. छापील प्रत एकदा घेतली की ती झिजेपर्यंत वाचकांच्या हाती फिरते. म्हणजे डिजिटल सेवेकडे वळल्याने आवर्ती खर्च कमी होईलच असे नाही, काही बाबतींत तो वाढतोच.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पाचवे सूत्र ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था असल्याचे सांगते. संग्रह वाढतो, वाचक वाढतात, कामही वाढते. म्हणून निधीही वाढता आणि खात्रीचा हवा. मद्रासच्या 1948च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामागे त्यांची प्रेरणा होती आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या 1967च्या कायद्यात असा उपकर नाही. तिथली व्यवस्था शासकीय अनुदानावर उभी आहे. माझा कल स्वतंत्र उपकराकडे आहे. अनुदान दरवर्षीच्या अंदाजपत्रकात इतर मागण्यांशी झगडून मिळवावे लागते, तर उपकराचा पैसा कायद्यानेच ग्रंथालयासाठी राखलेला असतो. अर्थात त्याचा स्वतंत्र, जाहीर हिशेब ठेवला नाही, तर ते राखणे कागदापुरतेच उरते.

म्हणून प्रस्तावाचा मसुदा हाती आला की मी इमारतीचे चित्र बाजूला ठेवतो आणि आधी आवर्ती खर्चाचे पान काढतो. ग्रंथालय आठवड्यातून किती तास उघडे राहील, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी दार उघडे असेल का, प्रशिक्षित ग्रंथपालांची किती पदे मंजूर आहेत, ग्रंथखरेदीसाठी वेगळी रक्कम राखली आहे का, हे तिथे स्पष्ट दिसले पाहिजे. नोकरदार माणसाला कामाच्या वेळेतच उघडे असणारे ग्रंथालय जवळपास नसल्यासारखे असते, त्यामुळे वेळापत्रकाला मी सर्वाधिक गुण देतो. बांधकाम आणि चालू खर्च या दोन्हींसाठी एकाच वेळी मंजुरी मागणारा, ज्येष्ठांच्या सवलतीची तरतूद असलेला आणि वार्षिक हिशेब प्रसिद्ध करण्याचे बंधन स्वीकारणारा प्रस्ताव असेल, तर करवाढीच्या बाजूने निःशंक मत द्यावे. इमारत थोडी लहान करून तिच्या खर्चातली बचत पहिल्या काही वर्षांच्या ग्रंथखरेदीकडे वळवण्याचा पर्याय मसुद्यात असेल, तर तो मी सर्वांत आधी उचलून धरेन.