संस्थेच्या अनुदानित शाळेत चौदा महिने: एका पालकाचा अनुभव

गेल्या वर्षी जूनमध्ये थोरलीला खासगी इंग्रजी शाळेतून काढलं आणि एका शिक्षण संस्थेच्या अनुदानित शाळेत आठवी सेमीला (गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून) घातलं. आता ती नववीत आहे. संस्था जिल्हाभर पसरलेली, शाखा पंधराच्या वर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि पोरगी अजून तिथेच शिकतेय.

प्रवेश घेताना मी मैदान बघितलं, प्रयोगशाळा बघितली, दहावीच्या निकालाचा फलक वाचला. वाटलं, शाळा निवडली. ऑगस्टमध्ये कळलं की आपण शाळा नाही, संस्था निवडलीय.

झालं असं की गणिताचे सर चांगले होते. चांगले म्हणजे, भूमितीची आकृती काढताना फळ्यावर दोऱ्याला खडू बांधून वर्तुळ काढायचे आणि पोरांनाही वहीत कंपासशिवाय काढून बघायला लावायचे. दोन महिन्यांत गणिताची भीती गेली. एका सोमवारी बदलीचा आदेश आला. दुसऱ्या शाखेत गणिताचं पद रिकामं, म्हणून सर तिकडे. मी तणतणत हेडसरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाणी दिलं आणि सांगितलं, "पगार सरकारचा, नेमणूक संस्थेची. मी मधला."

हे एक वाक्य समजायला मला वर्ष गेलं. अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार शासन देतं, तो शालार्थ या सरकारी ऑनलाइन पगार प्रणालीतून थेट खात्यावर जमा होतो. पण शिक्षकाचं व्यवस्थापन म्हणजे संस्था. खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली यांत एकाच व्यवस्थापनाच्या शाळांमध्ये बदलीची सोय आहे. संस्थेच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. पंधरा शाखा चालवायच्या तर भोक पडेल तिथे ठिगळ लावावं लागतं. आपण मात्र ज्या कापडातून ठिगळ कापलं त्या बाजूला असतो.

नवीन माणूस लगेच का घेत नाहीत? कारण जागा संस्थेच्या मर्जीवर भरत नाहीत. शिक्षकांची अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल म्हणजे शिक्षकभरतीचं सरकारी संकेतस्थळ, मग मुलाखत, असा रस्ता आहे. पूर्वी जागेची बोली लागायची म्हणतात, त्यापेक्षा हे शंभरपट बरं. पण दिवाळीपर्यंत आमच्या वर्गाला गणित शिकवलं ते तासिकेवरच्या, म्हणजे तासागणिक मानधनाच्या, एका तरुण मॅडमनी. मेहनती होत्या. त्यांचं मानधन कधी होतं हे मी विचारलं नाही, चेहऱ्यावरून कळत होतं.

दुसरा धडा सप्टेंबरात. शाळेच्या भाऊसाहेबांचे, म्हणजे क्लार्कचे, एका आठवड्यात तीन फोन, "आधारवर मुलीच्या नावात एक अक्षर जास्त आहे, दुरुस्त करून आणा." मी वैतागलो. मग त्यांनीच रजिस्टर उघडून दाखवलं. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर, ही पटावरून ठरते, आणि पटात धरायचं तर आधार जुळायला हवं. आमच्या वर्गात अशी सात नावं लाल शाईत होती. पट घसरला की पद कमी होतं, शिक्षक अतिरिक्त ठरतो. एका अक्षरापायी कुणाची तरी जागा डगमगते हे बघून मी दुसऱ्याच दिवशी आधार केंद्राच्या रांगेत उभा राहिलो.

जमेची बाजू लिहायलाच हवी. एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची. ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच देता येते. जुन्या शाळेत राहिली असती तर पोरगी बसूच शकली नसती. संस्थेने त्यासाठी चार शाखांची मुलं दर शनिवारी दुपारी एकत्र आणली. आणि शिकवायला कोण? बदली होऊन गेलेले तेच गणिताचे सर! आमच्या मुलीचं थोडक्यात हुकलं, बाकावरच्या मैत्रिणीचं झालं. घरी दोन दिवस सुतक, तिसऱ्या दिवशी त्याच मैत्रिणीकडे अभ्यासाला.

संस्थेची घटक चाचणी सगळ्या शाखांना एकच. पेपर पाकिटातून येतो. पहिल्या चाचणीत बैजिक राशींचे अवयव विचारले, आमच्याकडे तो धडा सुरूच झाला नव्हता. तक्रार केली तर उत्तर मिळालं की नियोजन वर्षाच्या सुरुवातीलाच दिलं होतं. दिलं होतं, पण ज्यांना दिलं त्यांचीच बदली केली होती!

खिचडीबद्दल पालकांमध्ये फार कुजबुज असते. मी एकदा सांगून, एकदा न सांगता जाऊन खाल्ली. न सांगता गेलो त्या दिवशीची जास्त चांगली होती. पोषण आहार आठवीपर्यंतच, नववीला बंद. तरी नववीच्या दोघीतिघी आठवीच्या रांगेत शेवटी उभ्या राहतात आणि मावशी न बोलता अर्धा डाव वाढतात. फुकट पाठ्यपुस्तकंही आठवीपर्यंतच, नववीची विकत घेतली.

पैशाचं एक खटकलं. 'ऐच्छिक' इमारत निधी मागितला. मी पावती मागितली, तेव्हा जरा कुरकूर झाली, पण मिळाली. वेतनेतर, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचं, अनुदान तुटपुंजं असतं, वीजबिल आणि खडूफळा त्यातच भागवायचा, हे हेडसरांचं म्हणणं मला पटतं. पटलं तरी पावती घ्यावी.

मराठीतून इतिहास वाचायला मुलीला तीन महिने जड गेले. आता मलाच शब्द विचारून अडकवते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून आपल्याकडे गावोगावच्या शाळा एका छत्राखाली चालवायची वाट मळलेली आहे. अशा संस्थांनी आमच्या वडिलांची पिढी शिकवली, म्हणून मला या संस्थांबद्दल आपुलकी आहे. आपुलकीने बदलीचे आदेश थांबत नाहीत, एवढंच.

धाकट्याचा पाचवीचा प्रवेश येत्या जूनमध्ये आहे. अर्ज तिथेच भरणार. फक्त या वेळी मैदान बघायला न जाता आधी ऑफिसात बसून मंजूर पदं किती, भरलेली किती आणि गणिताला कोण, एवढं भाऊसाहेबांकडून लिहून घेणार आहे.