महापुरातील बाटलीबंद पेट्रोल : सांगलीतील एक अनुभव

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पुढे पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. त्या काळात सांगलीत सर्वांत जोरात फिरलेली बातमी म्हणजे, ‘कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर पाणी आले, आता टँकर येणार नाहीत.’ तिचा पहिला भाग खरा असल्यामुळे दुसऱ्याची शहानिशा कोणी केली नाही, आणि ज्यांच्या गाडीची टाकी निम्मी भरलेली होती तेसुद्धा कॅन घेऊन पंपावर रांगेत उभे राहिले. दुपार टळेपर्यंत विश्रामबागेकडील एका पंपावर ‘पेट्रोल संपले आहे’ अशी पाटी लागली.

मला सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीतून वृद्ध आई-वडिलांना मिरजेला बहिणीकडे न्यायचे होते आणि मोटारीचा काटा तळाला टेकला होता. पंपावरील कामगाराने, ‘काका, पलीकडे विचारा की,’ असे म्हणत रस्त्यापलीकडच्या टेम्पोकडे बोट दाखवले. तेथे शीतपेयांच्या बाटल्यांत पेट्रोल होते. दर ‘लिटरला’ १५० रुपये. पंपावरचा दर त्या दिवशी ८० रुपयांच्या आत होता. विचारले असता, ‘पुरामुळे दर वाढलाय,’ एवढेच उत्तर मिळाले. पाच बाटल्यांचे ७५० रुपये टेम्पोवाल्याने आधी मोजून घेतले.

बाटल्यांवरची वेष्टने सोलून काढलेली होती. एक बाटली घरी दुधाच्या मापात ओतली तेव्हा त्याचे कारण उमगले : ती पाऊण लिटरची होती. म्हणजे पाऊणेचार लिटरचे ७५० रुपये, अर्थात लिटरला २०० रुपये पडले. मिरजेच्या वाटेवर गाडी झटके देऊ लागली. तेथील मिस्त्रीने उरलेल्या बाटलीतील दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकले. शुद्ध पेट्रोल पाहता पाहता उडून जाते आणि मागे डाग राहत नाही. येथे मात्र तेलकट वर्तुळ तसेच राहिले आणि रॉकेलचा वास सुटला. टाकी रिकामी करून साफ करण्याचा खर्च वेगळाच.

पूर आला म्हणून पेट्रोल महाग होते, हे सांगणेच खोटे आहे. जून २०१७ पासून तेल कंपन्या पेट्रोलचे दर रोज ठरवतात आणि पंपचालकाला त्यात आपल्या मनाने एक रुपयाही वाढवता येत नाही. स्वतःच्या वापरासाठी थोडे पेट्रोल बाळगण्याची मुभा कायद्यात आहे, परंतु परवान्याशिवाय रस्त्यावर ते विकण्याची नाही. पंपावर प्रमाण तपासायला शिक्क्याचे पाच लिटरचे माप आणि शुद्धता तपासायला फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क असतो. टेम्पोजवळ यातले काही मागण्याची सोय नसते. कामगाराने दाखवलेले ते बोट मला आजही योगायोग वाटत नाही, मात्र त्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

पूर ओसरल्यावर सरकारी पुरवठा शाखेत तक्रार घेऊन गेलो तेव्हा पहिला प्रश्न पावतीचा निघाला. भाच्याने टेम्पोचा क्रमांक टिपून ठेवला होता आणि वेष्टन सोललेली एक बाटली आम्ही झाकण घट्ट लावून जपली होती. या दोन गोष्टींमुळेच अर्ज दाखल करून घेतला गेला.