हर्बल सनस्क्रीन सहा महिने वापरलं, क्रीम ठीकै पण तो पंप!!

परवा पंपानं मान टाकली म्हणून लिहायला बसलोय, नायतर मी रिव्ह्यू लिहिणाऱ्यातला नाही. एसपीएफ ५०, पीए चार प्लस (ऊन किती अडवतं त्याची ही मापं), ५० ग्रॅम, ४४९ रुपये, बाटलीवर कोरफड, गाजराच्या बिया, रासबेरीची चित्रं, कुठलं ते ओळखलं असेलच.

माझं काम टॉवेलच्या वसुलीचं. जुळे सोलापूरहून नवी पेठ, तिथनं अक्कलकोट रोड एमआयडीसी, सगळं गाडीवर आणि भर दुपारी. नोव्हेंबरात घेतलं, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत एकदम खूष. चिकट नाही, वास बरा, फक्त तोंड जरा पांढरं दिसतं, बायको म्हणाली चुना लावून कुठं निघालात. मार्चात मात्र हेल्मेटच्या पट्ट्याखाली गोरा आणि बाकी सगळा काळा! फसवलं म्हणून मोबाईलवर झूम करून लेबल वाचलं तर झाडपाल्याच्या गर्दीत झिंक ऑक्साईड. म्हटलं हे कुठलं झाड?

पुतणी बी.फार्म करतीय, तिला दाखवलं. ती हसायलाच लागली. काका, ऊन अडवतंय ते झिंकच, ते खनिज आहे. कोरफडीनं कातडीला थंड वाटतं, ऊन अडत नाही, आणि नुसत्या गाजराच्या तेलावर सोलापूरचं ऊन काढायला जाऊ नका. मग विचारलं लावता किती? मी दाखवलं, मुगाच्या डाळीएवढं. तर म्हणे एसपीएफचा ५० हा आकडा चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो, तोंडाला-मानेला दोन बोटं भरून लागतं, आणि उन्हात असलात तर दर दोन तासांनी परत. म्हणजे एक बाटली चार महिने पुरवली म्हणून मी जी शेखी मिरवत होतो तीच चूक. बायकोचं लिंबू चोळून उन्हात जाणंही तिनं तेव्हाच बंद केलं, लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजून डाग पडतात म्हणे.

दुसऱ्या बाटलीपासून नीट लावतोय, फरक आहे, हे मान्य. पण आता पंपाचं ऐका. किचनच्या काट्यावर दहा वेळा दाबून बघितलं, २ ग्रॅम. म्हणजे एका तोंडाला सहा वेळा दाबायचं, एका वेळचे जवळजवळ ११ रुपये, आणि पंप सहाव्यांदा फुस्स करून हवाच सोडतो! शेवटी बसला तो बसलाच. कस्टमर केअरला फोन केला तर अनबॉक्सिंगचा व्हिडिओ मागतायत, चादर-टॉवेलवाला माणूस क्रीमच्या बाटलीचा व्हिडिओ कशाला काढेल? वर म्हणे गरम जागी ठेवली होती का. आता गाडीच्या डिकीत ठेवली होती हे खरंय, एप्रिलात डिकीत पापड भाजून निघतील, पण सनस्क्रीन उन्हात न्यायचं नाही तर काय देवघरात ठेवायचं?

करवतीच्या पात्यानं बाटली कापली. आत ९ ग्रॅम, म्हणजे ८१ रुपये भिंतीला चिकटलेले! चमच्यानं खरवडून झाकणाच्या डबीत भरलंय, डबी माठाच्या शेजारी ठेवलीय. तक्रार केली तर काल मेसेज आला, तक्रार बंद केली आहे, रेटिंग द्या.

क्रीमला चार, पंपाला शून्य. हेच ट्यूबमधे आलं तर परत घेणार, ट्यूब लाटण्यानं तरी दाबता येते.